एका वेळी चोवीस

जो पदार्थ मी जन्मात चाखलेला नाही
तो आज करायला घेतलाय.
सियागंजातून यीस्टची पुडी, अर्धा किलो मैदा,
खसखस मंदसौरची,
आणि माल्टच्या जागी गूळ,
कारण दुकानदारानं विचारलं, "माल्ट? वो क्या होता है, अंकल?"
आणि मलाही सांगता येईना.

पहिली पुडी मेलेलीच निघाली.
कोमट पाण्यात साखर घालून अर्धा तास बसलो,
पेल्यात नुसता गढूळपणा.
दुसरीनं फेस धरला
तेव्हा ओट्याशी एकटाच म्हणालो, "आली!"
नर्मदेचं पाणी आलं की नळाशी म्हणतो तसं.

मळणं माझं काम नव्हे.
बत्तीस वर्षं मी वीज मंडळात मीटरचे आकडे उतरवले.
हा गोळा पोळीच्या कणकेसारखा ऐकत नाही,
ढकलला की परत येतो.
दहाव्या मिनिटाला मनगट बोलू लागलं,
पंधराव्याला खांदा,
मग दोघेही गप्प झाले
आणि पीठ एकदम शहाणं झालं.

जानेवारीत इंदूरला काही फुगत नाही.
पातेलं रजईत गुंडाळून टीव्हीमागे ठेवलं.
"आजारी आहे का ते?" वैजयंती म्हणाली.
तासाभरानं तिनंच कोपरा उचलून पाहिलं.

हे सुरू झालं एका शब्दावरून.
ऋजुता रोज दुपारी दोनला फोन करते.
मागच्या मंगळवारी मी सहज विचारलं,
तुमच्याकडचे ते कड्यासारखे पाव, बेगल की काय,
कसे करतात गं?
"आधी उकळायचे, बाबा, मग भाजायचे.
पंचेचाळीस सेकंद ही बाजू, पंचेचाळीस ती.
आम्ही एका वेळी चोवीस टाकतो."

आम्ही.

मग ती परीक्षेबद्दल बोलत सुटली, भराभर,
आणि मागं बसचं दार फुस्सकन उघडलं.
आमचे दोन म्हणजे तिकडचे पहाटेचे साडेतीन.
दोन वर्षं मी चारचौघांत सांगत होतो,
पोरगी रात्र रात्र जागून वाचते.
आकड्यांवर पोट भरलं आयुष्यभर,
ही एक वजाबाकी तेवढी मांडली नाही.

गुळाचं पाणी उकळलं.
माझ्या पातेल्यात मावतात चार.
बुडाले, मग एकेक करून वर आले,
वाफेनं चष्मा गेला, झारा चुकला,
करंगळी भाजली.
चोवीस, मी म्हणालो. चोवीस.

शेजारचे गेंदालालजी लग्नाकार्यात स्वयंपाक करतात.
वासानं आले, पातेल्यात वाकून पाहिलं,
"भिया, ये तो बाफला है,
बीच में से कोई खा गया."
खरंच की. आमच्या माळव्यात
उकळून भाजायचं हे शहाणपण कधीचंच आहे.
फक्त मधली जागा
कुणी रिकामी ठेवली नव्हती.

ओव्हनमधून निघाले ते असे:
एकाचं बूड करपलेलं,
दोघांचं भोक बुजून नुसती बेंबी उरलेली,
चौथा बरा, खसखस धरून बसलेला, चिवट.
हा चिवटपणा बरोबर की चूक
हे सांगणारं या गल्लीत कुणी नाही.
गेंदालालजींनी करपलेला उचलला,
डाळीत कुस्करला, वर तूप सोडलं,
आणि दुसरा मागितला.

दोनला फोन वाजला.
"चार केले," मी म्हणालो.
"भोक राहिलं?"
"दोघांचं बुजलं."
ती हसली. "वाटतं त्याच्या दुप्पट ठेवायचं, बाबा,
पाण्यात ते मिटतंच."
मागं बस चालू होती.
मी म्हणालो, "हातमोजे घालतेस ना?
वाफ फार असते."

"हो," ती म्हणाली.
मग बराच वेळ
नुसतं बसचं इंजिन.