टाकी क्रमांक दोन

नारोशंकराची घंटा सगळ्या गावाला माहीत.
तिचा आवाज नदीपल्याड जायचा म्हणतात.
माझ्या घंटेला आवाज नाही.
ती आगरटाकळीच्या मैलापाणी केंद्रात,
दोन नंबरच्या टाकीत,
गाळाच्या तपकिरी कणावर
एका देठावर उभी असते.

रोज सव्वासहाला दौलत गांगुर्डे बाटली भरून आणतो.
मी एक थेंब काचपट्टीवर ठेवते,
चाक फिरवते, आणि धुक्यातून
ती वर येते :
काठाला केसांची झालर, झालरीत भोवरा.

ती शोधत कुठे जात नाही.
जागेवर राहून पाण्यालाच बोलावते.
पाणी येतं. सोबत आणतं
सिडकोची न्हाणीघरं, द्वारकेच्या खानावळी,
लग्नाच्या हॉलमागचं खरकटं
आणि त्यावर पोसलेले जिवाणू.
ते ती गिळते. पोटात बारके गोल फिरत राहतात.
आत शिरलेलं जादा पाणी
एक पोकळी भरते, मिटते, बाहेर टाकते.
भरते, मिटते.
आमचा पंप इतक्या नेमाने चालला असता तर
मला आणि दौलतला दिवाळी घरी मिळाली असती.

काचेवर नख वाजवलं
की देठ स्प्रिंगसारखा आवळतो,
पापणी लवायच्या आत.
मग सावकाश, अंदाज घेत घेत, उलगडतो.
अहवालात याला रकाना नाही.
रकाना संख्येचा आहे.
घंटा भरपूर, म्हणजे पाणी निवळ.
घंटा कमी, साहेबांना फोन.

गेल्या पौषात एका मंगळवारी
पट्टीवर नुसते देठ होते.
शेकडो. शेंडे गेलेले,
छाटणी झालेल्या द्राक्षबागेसारखे.
रात्री कुणीतरी गटाराचं झाकण उचलून
टँकर रिकामा केला होता. प्लेटिंगचं पाणी, पिवळसर.

दौलत म्हणाला, मेल्या का हो सगळ्या?
म्हटलं, काही सुटल्या असतील.
जीवावर बेतलं की ती देठ सोडते,
मागच्या अंगाला नवी झालर फुटते
आणि पाठमोरी पोहत सुटते,
तोंड मिटून, दुसरी जागा हुडकत.
एरवीही एकीच्या दोन होतात तेव्हा
एकीला देठ मिळतो, एकीला पाणी.
दौलतचा भावाशी बांधाचा दावा चालू आहे.
तो काही बोलला नाही.

ब्लोअर रात्रंदिवस चालू ठेवले.
तेवढ्या दिवसांत गोदावरीत काय गेलं
ते मी लिहिलं, तारखेसकट. सही केली.
दहाव्या दिवशी थेंबात दोन अमीबा, एक रिकामं कवच.
अकराव्या दिवशी तेच कवच, किंवा तसंच दुसरं.
बाराव्याला मी यायच्या आत
दौलतच डोळा लावून बसला होता.
मॅडम, एक आहे.

बघू, म्हटलं.
आखूड देठ. काठ अर्धा मिटलेला.
झालर हलत होती की माझाच श्वास, कळेना.
मी काचेजवळ नख नेलं
आणि वाजवलं नाही.