वहिवाट

सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत,
मी गुडघे टेकते.
प्रार्थनेसाठी नव्हे. मशीन किंचाळलं म्हणून.

तांबड्या-पांढऱ्या खुंट्यांमधली मीटरभर रुंदीची पट्टी माझी,
पलीकडची अल्बर्टिनाची.
मधे पंचवीस मीटर. नियमच आहे तसा,
एकीचं चुकलं तर दुसरी उरावी.
त्यामुळे गप्पा मारायच्या त्या ओरडून,
आणि तिच्या सासूचं सगळं
अख्ख्या बिए प्रांताला पाठ आहे.

आधी गवत. कात्रीनं, मूठ-मूठ.
मग खुरपं, तिरकं, बाजूनं शिरत,
झोपलेल्या बाळाच्या मानेखालून
हात काढून घ्यावा तसं.
अर्धा तास.
हाती येतं बिअरच्या बाटलीचं बूच.

बूच. सार्डिनचा डबा. दाराची बिजागरी, दार नाही.
कुणाच्या तरी सदऱ्याचं पितळी बटण.
काडतुसांच्या पुंगळ्या तर पसाभर, रोज.
एकदा सायकलची घंटी.
अल्बर्टिनानं पुसून वाजवून पाहिली,
वाजली.
त्या दिवशी मग दुपारपर्यंत कुणी ओरडून बोललं नाही.

मशीनला धातू कळतो,
धातूच्या पोटातलं कळत नाही.

महिन्याच्या कागदावर एक रकाना असतो : सुरुंग किती.
मार्चमध्ये मी लिहिलं : दोन.
कुठल्याशा थंड देशात कुणी म्हातारा
पेन्शनीतून आमच्यासाठी पैसे काढून ठेवतो म्हणे,
त्याला तो आकडा कळवतात.
दोनच? असं वाटत असेल त्याला.
त्याला कसं सांगू, मी गुडघे टेकले एकशे त्र्याण्णव वेळा,
आणि त्यातल्या एकशे एक्क्याण्णव वेळा
ते मरण नव्हतं,
कुणाचं तरी उरलेलं जेवण होतं,
आणि तेही तितकंच हळू उकरावं लागतं.

भीती वाटते का, विचारतात.
पगार वेळेवर होतो, मी म्हणते.
माझ्या भावाचा डावा बूट अजून नवाकोरा आहे,
हे सांगत नाही.

इथे वाकडं पाऊल पडणं
ही चालचलणुकीची गोष्ट नव्हे.

ऑगस्टात रान मोकळं झालं.
सोबा कापिंगाला कोट घालून आले, सही केली,
आम्ही खुंट्या उपटल्या.
मी बूट काढले आणि अनवाणी
ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत गेले,
परत आले.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
कुणीही आत आलं नाही.

त्या रानाला वळसा घालून झऱ्याकडे जाणारी वाट
इतकी मळलीय की पावसात तिचा ओढा होतो.
युद्धानंतर जन्मलेली पोरंही तिथूनच जातात.
त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.
आईच्या पाठीवर बांधलेले असतानाच
ते वळण त्यांच्या अंगात शिरलं.
मधून गेलं तर झरा पाच मिनिटांवर.
वळशानं अर्धा तास.

कागद बदलतात. वहिवाट बदलत नाही,
असं मी त्या रात्री म्हटलं,
आणि तंबूतल्या कुणी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या सकाळी आमचा ट्रक निघाला, पुढच्या गावाकडे.
मागे बसून पाहत होते.
वळशावर दोघी समोरासमोर आल्या,
एक भरल्या घागरीची, एक रिकाम्या.
वाट एकीपुरतीच.
मग रिकामी घागरवाली बोलता बोलता
बाजूला सरली, भरलेलीला जागा द्यायला,
आणि तिचा उजवा पाय
आमच्या रानात पडला.
मग डावाही.
तशीच उभी राहिली, हातवारे करत.
काहीतरी लांबलचक होतं सांगण्यासारखं.

मी अल्बर्टिनाला कोपरानं ढोसलं.
बघ, म्हटलं, बघ ना.
तिनं पाहिलंच नाही.
ती सासूवर आली होती,
आणि आज इतक्या जवळून
ओरडायची काही गरज नव्हती.