ड्रायव्हरसहित

कापसीच्या धर्मकाट्यावर माझी रात्रपाळी.
लहानू पराते चौदा चाकी गाडी अलगद चढवतात,
खिडकीतून विचारतात, "उतरू का बसू जी?"

नियम असा की ड्रायव्हरनं उतरावं.
पण गुडघे.
पुन्हा चढताना क्लीनर पोरगं खालून रेटतं,
हसतं, मग हसत नाही.
म्हणून मी म्हणतो, बसा.
पावतीवर लिहितो: ड्रायव्हरसहित.

कागदावर त्यांचं वय अठ्ठावन्न,
गेली नऊ वर्षं.
मालकाला चालतं.
भंडारा रोडला कोण कोणाचं वय विचारतं,
रायपूरच्या सळ्या पहाटेआधी वाडीत पोचल्या म्हणजे झालं.

एकदा म्हटलं, काका, आता काहून नाही बसत घरी?
"बसूनच तं आहो ना बावा,
बेचाळीस वर्षं झाले."

परवा मात्र ते स्वतःच उतरले.
मे महिना, रात्री दोनलाही केबिन तव्यासारखी;
टाकीच्या नळाखाली दुपट्टा भिजवत उभे राहिले.
मी आकड्याकडे पाहत होतो.

आमचा काटा दहा-दहा किलोनं मोजतो,
मधलं त्याला कळत नाही.
मी नोकरीला लागलो तेव्हा
हा माणूस उतरला की ऐंशी कमी व्हायचे.
परवा पन्नास.
काटा बंद करून पुन्हा चालू केला.
पन्नासच.

ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळत त्यांनी विचारलं,
"किती भरली जी?"
"नेहमीएवढीच," म्हणालो.

आणि ते वर चढून बसेपर्यंत
पावती छापली नाही.