ताशी वीस मैल

आर्ब्रोथच्या पेट्रोल पंपावर
नळी टाकीत अडकवून उभी होते,
तर शेजारच्या व्हॅनमधला म्हणाला,
"नवऱ्याची का गाडी?"
म्हटलं, "नाही, माझी.
नवराही माझाच होता, तो परत केला."
तो हसला नाही.
पंपावरचा आकडा तेवढा पळत राहिला.

लाल, दोन सीटची, सोळा वर्षं जुनी.
छप्पर कापडाचं, डाव्या कोपऱ्यात गळतं;
तिथे मी स्वयंपाकघरातलं फडकं कोंबून ठेवते.
हे लांबून दिसत नाही.
लांबून दिसतो रंग,
आणि आतली चोपन्न वर्षांची बाई.

लोकांचं काय, उचलली जीभ, लावली टाळ्याला.
"लॉटरी लागली वाटतं."
"या वयात?"
"एवढी घाई कुठे निघालीस, बये?"
शाळेसमोर एका आईनं पोराचे कान झाकले,
मी तर इंजिनही चालू केलं नव्हतं.
एकदा बॉनेटवरच्या धुळीत
कुणी बोटानं लिहून गेलं: शोभतं का?
अक्षर चांगलं होतं.
चार दिवस पुसलं नाही.

सुरुवातीला उत्तरं सुचायची
रात्री, भांडी विसळताना,
धारदार, नेमकी,
आणि माणूस केव्हाच निघून गेलेला.
मग सिंकमधल्या फेसालाच ऐकवायची.

आता सांगते, दिवसा मी काय चालवते.
काळी. लांब. काचेच्या भिंतींची.
मागे एकच प्रवासी, आडवा,
ज्याची काही तक्रार नसते.
ताशी वीस मैल, त्याच्या पुढे नाही.
तेव्हा हाच व्हॅनवाला टोपी काढतो,
बस थांबते,
माशांना धुरी देणाऱ्या बायका
ओले हात एप्रनला पुसत दारात येतात.
आजवर एकानंही विचारलं नाही
की बाई, ही गाडी तुला परवडते कशी?

लाल गाडी इनिस स्ट्रॅकनची.
त्याला मीच नेलं, नोव्हेंबरात, वीसच्याच वेगानं.
परतताना त्याची सेंगा पुढे माझ्याशेजारी बसली.
म्हणाली, "अकरा वर्षं त्यानं ती नुसती धुतली.
पावसाला भ्यायचा, खड्ड्याला भ्यायचा,
आणि सगळ्यात जास्त, लोक काय म्हणतील त्याला.
गॅरेजचं दार लावून तिच्यात बसायचा
आणि रेडिओवर हवामान ऐकायचा.
तू ने. पण पाचव्या गिअरपर्यंत जात जा."
किंमत सांगितली ती इथे लिहीत नाही;
तेवढ्यात धड फ्रीजसुद्धा येत नाही.

हे पंपावर कसं सांगणार?
टाकी भरेपर्यंत वेळ तो किती.

परवा बंदरावर एक म्हातारा,
काखेत कागदात गुंडाळलेला मासा,
काठीनं टायरला टोचून म्हणाला,
"लाज नाही वाटत? किती पितं हे धूड?"
जिभेवर तीन उत्तरं तयार होती, तिन्ही चांगली.
त्यातलं एकही न देता दार उघडलं.
"बसता?"

बसायला त्याला पाच मिनिटं लागली.
आधी काठी, मग एक पाय, मग शिव्या, मग दुसरा.
मासा मांडीवर.
माँट्रोजच्या रस्त्याला पाचवा गिअर टाकला
तेव्हा त्यानं टोपी काढली,
वाऱ्यानं नेऊ नये म्हणून,
आणि उरलेली वाट ती छातीशी धरून बसला.

परत आल्यावर त्याला उठताच येईना.
हात दिला. ओढायचा नसतो, नुसता द्यायचा,
एवढं धंद्यानं शिकवलंय.
उभा राहिला, टोपी घातली,
गाडीकडे एकदा नीट पाहिलं.
"रंग मात्र," म्हणाला, "भडकच."

मासा सीटवर विसरून गेला.
अजून वास जात नाही.