मूठ वळेना

दोर पंख्यात गुंतला, एवढं आठवतं.
मग एक लाट, फार मोठीही नव्हे,
आणि हान्नीसनं उन्हाळ्यात रंगवलेला होडीचा तळ
आभाळाकडे.
मेंढा माझ्या डोळ्यांदेखत पोहत निघाला,
मान ताठ, जसं काही ठरलंच होतं.

पहिला श्वास मी घेतलाच नाही,
पाण्यानं तो माझ्याकडून घेतला.
मग दुसरा, तिसरा, धापा नुसत्या,
एकही पोटापर्यंत उतरेना.
शाळेत नर्स आउस्ला सांगायची,
पहिलं मिनिट काही करू नका.
पोहू नका, ओरडू नका, तरंगा.
आम्ही मागच्या बाकावर खिदळायचो:
काही न करायचं, ते काय शिकवायचं?

तरंगले.
जाकीट कानांपर्यंत वर सरकलं.
मांड्यांमधला पट्टा लावलाच नव्हता,
धक्क्यावर पुरुष उभे असतात,
वाकून ओढून तो लावायचा म्हणजे.

होडीला धरून राहावं, हे खरं.
पण ओहोटी तिला खाडीबाहेर नेत होती,
आणि बाहेर आइसलँडपर्यंत कोणी नाही.
किनारा दोनशे हात.
सोडली.

पाठीवर पोहताना किनारा दिसत नाही,
दिसतं ते मागं टाकलेलं:
उपडा निळा तळ, त्यामागं समोरच्या बेटाची घळ.
दोन्ही एका रेषेत ठेवायचं आणि पाय मारायचे.
दंड अंगाशी. ऊब म्हणण्याइतकी नाही,
पण जी होती ती काखेत होती.

जीव मुठीत धरून, म्हणतात.
माझी मूठच वळेना.
बोटं म्हणजे दुसऱ्या कुणाचे हातमोजे.
शिट्टी दातांनीच पकडली,
फुंकायला दम नव्हता,
थडथडत्या दातांतून ती आपली आपण
वाजत राहिली, तुटक, वेड्यासारखी.
बटाटे काढणाऱ्या तैतुरला वाटलं, पक्षी आहे.
मग वाटलं, ऑक्टोबरात कुठला?

हातपाय गळाले ते असे:
धीर शाबूत, आणि पाय ऐकत नाहीत.
जाकिटानं तोंड तेवढं पाण्याबाहेर ठेवलं.
गुडघा दगडावर आपटला,
तो मला दुखला नाही, ऐकू आला.

उभी करू नका, चोळू नका,
पोराला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.
आडवी ठेवून त्यानं गोणपाटं घातली अंगावर.
हान्नीस लोकर कापायची कात्री घेऊन आला,
जाकीट कापताना दोनदा चुकला.
हाच म्हणायचा, जाकिटानं काय होतं,
प्रेत लवकर सापडतं, एवढंच.

आता तो धक्क्यावर सगळ्यांदेखत वाकतो
आणि माझा पट्टा स्वतः ओढून लावतो.
कुणी हसत नाही. बोलत तर कुणीच नाही.

मेंढा चौथ्या दिवशी सापडला,
पलीकडच्या कपारीत, चरत.
मी मूठभर गवत घेऊन गेले.
त्यानं पाहिलं, आणि पाठ फिरवली.