कोळिष्टकं

ग्वामच्या रानात शिरताना हातात काठी हवी.
सापासाठी नव्हे;
तोंडावर येणारी कोळिष्टकं सारायला.
"पाखरं होती तेव्हा कोळी बेतानं होते,"
टुन बर्नाबे सांगतात.

साप इथला नाही. युद्धानंतर जहाजातून आला,
अंडं न् अंडं गिळलं.
आता हेलिकॉप्टरमधून आम्ही मेलेले उंदीर सोडतो,
पोटात तापाची गोळी, कागदी छत्रीला टांगून.
काही साप मरतात.

काल पलीकडच्या चिमुकल्या बेटावर
खोका उघडला. को-को बाहेर येईना,
पिंजऱ्यातच जन्मलेला.
मग एक पाय. थांबला.
झुडपात पळाला, आणि ओरडला.

फोनवर ऐकवलं.
टुन बर्नाबे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "हाच तो.
पहाटे झोपू द्यायचा नाही मेला."