नकाशात ओहोटी नाही

अकरा खंड, विटेएवढे जाड.
कुणीतरी घर रिकामं करताना वाचनालयाला दिले,
वाचनालयाच्या कपाटात मावले नाहीत
म्हणून दाभोळच्या बर्फ कारखान्यात आले,
माझ्या टेबलाखाली, पावतीपुस्तकांच्या शेजारी.

दर गुरुवारी, धोपाव्याची शेवटची फेरी लागली की जमायचो.
बिवलकर बाई चष्म्याच्या दोन जोड्या घेऊन,
रुपेश पावसे हाताला बांगड्यांचा वास घेऊन
(बांगडा मासा, बाई पहिल्या दिवशी दचकल्या होत्या),
बारावीतली तन्झीला "पाचच मिनिटं" म्हणत,
आणि अब्बास परकार, फेरीवर दोर टाकणारा.
तो वाचायचा नाही. ऐकायचा.

एकानं दहा पानं वाचायची.
कॉम्प्रेसर सुरू झाला की ओळीवर बोट ठेवून थांबायचं.
राणी तमाली तलवार उपसून
तशीच उभी, वीस मिनिटं, बिचारी.
आम्ही तोवर शेंगदाणे सोलायचो.

अब्बासनं पहिल्याच दिवशी नकाशा मागितला.
सरळ पाहिला, उलटा पाहिला.
"ही खाडी, हे बंदर, हा किल्ला. बरं.
पण भरती कुठं, ओहोटी कुठं?
ह्यांची गलबतं चालतात कशावर?"
"जादूवर," बाई म्हणाल्या.
"मग ठीक," तो म्हणाला,
पण त्याला ते ठीक वाटलं नव्हतं.

तिसऱ्या खंडात हिरंद आला,
राखेच्या नदीवरचा तरवाला.
मेलेल्यांकडून पैसे घेत नाही,
जिवंतांशी मात्र दमडीसाठी हुज्जत घालतो.
अब्बासनं खुर्ची पुढं ओढली.
"हा माणूस लिहिणाऱ्यानं पाहिलेला आहे.
बाकीचे ऐकीव."

मग मी एका रात्री लबाडी केली.
मुलं झोपल्यावर सातवा खंड पुढचा पुढचा वाचत गेलो.
पान चारशे बारा. हिरंद बुडतो.
अडीच ओळींत.
लिहिणाऱ्याला बहुधा कुठंतरी जायची घाई होती.

ते पान आलं त्या गुरुवारी पाळी माझीच.
सोमवारी अब्बासला कोल्हापूरला न्यायचं होतं,
छाती उघडायला.
रिपोर्टांची पिशवी त्यानं खुर्चीला अडकवली होती
आणि शेंगदाणे नको म्हणाला होता.
कॉम्प्रेसर आत्ता सुरू होईल, आत्ता होईल,
मी हळू हळू वाचत राहिलो.
झाला नाही.
मी वाचलं:
"हिरंदनं वल्हं टेकवलं, पाण्याकडं पाहिलं,
आणि म्हणाला, आज नाही."
पानावर असं काहीच नव्हतं.

सात गुरुवार आम्ही पुस्तक उघडलं नाही.
आठव्या गुरुवारी अब्बास आला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी,
आणि खुर्चीवर आधी हात टेकून मग बसला.
बाईंनी खंड उघडला. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.
हिरंदची बायको किनाऱ्यावर रडते, तिथं त्या अडखळल्या,
चष्मा बदलला, पुन्हा पहिला लावला,
आणि हिरंद घरी येऊन जेवला.

त्यानंतर कुणी कुणाला विचारलं नाही.
रुपेशनं, जो छापलेली चूकसुद्धा तशीच वाचायचा,
त्याला वेढ्यातून बाहेर काढलं.
तन्झीलानं त्याला एक मांजर दिलं,
नवव्या खंडात, कारण नसताना.
दहाव्यात त्याला खोकला झाला, तो माझ्याच्यानं.

अकरावा संपला तेव्हा मे महिना होता.
बर्फाला मागणी, बाहेर टेम्पो हॉर्न मारत होता.
कुणी काही बोलेना. मग अब्बास म्हणाला,
"हिरंद आधी एका आवाजात बोलायचा.
मी कोल्हापूरहून आलो तेव्हापासनं चार आवाजांत बोलतो."

बाई पुस्तकावरची धूळ पुसायला लागल्या, धूळ नव्हती.

त्यानं पहिला खंड मागितला,
माझ्या कानावरचं पेन काढून घेतलं,
आणि नकाशावर बाण काढायला बसला:
इथवर पाणी चढतं. इथं वळतं.
इथं अमावस्येला होडी घालायची नाही.
सगळी बंदरं झाली, दोन्ही खाड्या झाल्या.
राखेच्या नदीपाशी तो थांबला.

"इथलं मला ठाऊक नाही," म्हणाला,
आणि पेन मला परत दिलं.